प्रिंटर सगळ्यात शेवटी

पुणे

चि. सोनू,

एम.टेक.च्या प्रबंधासाठी ‘फोर-डी प्रिंटिंगने बनवलेलं रोपण’ हा विषय घेतलास, हे वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. विभागात दोन प्रिंटर आहेत, एक फिलामेंट वितळवणारा आणि एक रेझिनचा. त्यातला कुठला घेऊ आणि कुठल्या स्मार्ट पदार्थापासून सुरुवात करू, असं तू विचारतेस. तुझ्या गाईडनी याचं उत्तर दिलंच असेल. मी पडले वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीच्या टेबलावर आयुष्य घालवलेली बाई. आमच्याकडे वस्तू यायची ती पूर्ण होऊन, आणि आम्ही तिच्यात खोट शोधायची. त्यामुळे माझं उत्तर उलट्या टोकाकडून येणार. प्रिंटर सगळ्यात शेवटी निवड. त्याच्याआधी पदार्थ ठरव, पदार्थाआधी हालचाल, आणि हालचालीच्याही आधी पेशंट.

तुला ठाऊक असलेलंच थोडं पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. थरावर थर चढवून वस्तू घडवण्याची कल्पना आता चाळिशी ओलांडून गेली. जपानमध्ये नागोयाच्या हिदेओ कोडामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने रेझिन घट्ट करत थर रचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेत चक हल यांना अशाच पद्धतीचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं. पुढे २०१३ मध्ये एमआयटीच्या स्कायलर टिबिट्स यांनी ‘फोर-डी प्रिंटिंग’ हे नाव लोकांपुढे आणलं. छापून झाल्यावरही वस्तू काळाबरोबर आपला आकार बदलते, म्हणून काळ ही तिची चौथी मिती.

हा बदल घडवणारी कुळं मोजकीच आहेत. आकार-स्मृती असलेलं पॉलिमर गरम करून वाकवायचं, तसंच धरून थंड करायचं. पुन्हा ठरावीक तापमानाला नेलं की ते मूळ आकाराकडे परततं. निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ निम्मेनिम्मे असलेला नितिनॉल हा मिश्रधातू तेच काम धातूच्या जोमाने करतो. हायड्रोजेल पाणी पिऊन फुगतं. २०१६ मध्ये हार्वर्डच्या जेनिफर लुईस यांच्या गटाने हायड्रोजेलमध्ये सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू मिसळून फुलासारखे आकार छापले. नोझलमधून बाहेर पडताना तंतू एका दिशेत लागतात, त्या दिशेने फुगणं कमी आणि आडवं जास्त. त्यामुळे पाण्यात टाकल्यावर पाकळ्या नेमक्या हव्या तशा वळल्या. एमआयटीत २०१८ मध्ये झाओ शुआनहे यांच्या गटाने मऊ रबरात चुंबकीय कण छापतानाच दिशा देऊन बसवले आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावताच वस्तू क्षणात रूप बदलू लागली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे आणि ती तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर असायला हवी. यातला प्रत्येक पदार्थ एकच अट ओळखतो. ऊब मिळाली का, पाणी मिळालं का, चुंबक जवळ आलं का, एवढंच. अट पुरी झाली की तो वळणार. आपण बाळाच्या छातीत आहोत की कुरिअरच्या गाडीत, हे त्याला कळत नाही. ते कळण्याचं काम तुझं आहे, आणि माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा खरा विषय तोच आहे.

आता एक उदाहरण नीट वाच, कारण या क्षेत्रात पेशंटपर्यंत खरोखर पोचलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात बालकांच्या कान-नाक-घशाचे सर्जन ग्लेन ग्रीन आणि बायोमेडिकल इंजिनिअर स्कॉट हॉलिस्टर यांच्यापुढे एक तान्हं बाळ होतं. त्याच्या डाव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या श्वासनलिकेची भिंत इतकी लेची होती की श्वास सोडताना ती मिटून जायची. बाळ व्हेंटिलेटरवर होतं आणि तरीही पुन्हा पुन्हा संकटात जात होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाची, म्हणजे एफडीएची, तातडीची परवानगी घेऊन त्यांनी नळीच्या बाहेरून एक आधार बसवला. बाळाच्या सीटी स्कॅनवरून मोजमाप घेतलेला आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विरघळणाऱ्या पॉलिमरच्या पावडरीतून लेसरने थर जोडत बनवलेला. नळीची भिंत टाके घालून या आधाराला आतून टांगली, म्हणजे ती आत कोसळणार नाही. एकविसाव्या दिवशी व्हेंटिलेटर पूर्ण सुटला. २०१३ मध्ये हा वृत्तांत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि २०१५ मध्ये तीन मुलांचा अनुभव ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये.

हा आधार कुठेही वळत नाही, फुलत नाही, उलगडत नाही. तो पूर्ण नळकांडं नाही; त्याच्या एका बाजूला उभी फट आहे. बाहेरून दाब आला तर मिटायचं नाही, पण आतली नळी वाढू लागली तर फटीतून हळूहळू रुंद व्हायचं, असं त्याच्या भिंतीची जाडी आणि आकार ठरवून साधलेलं आहे. मूल मोठं होत गेलं की नळीची भिंत आपोआप बळकट होते, तोवर दोनतीन वर्षं आधार पुरेसा. आणि सुमारे तीन वर्षांत पॉलिमर शरीरात विरून जातं, काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. पदार्थ जुना, माहितीतला. नवी होती ती भूमिती, आणि त्या भूमितीच्या मागे मुलाची वाढ कशी होते याचं बालरोग सर्जनचं ज्ञान. शोधनिबंधात त्याला चौथ्या मितीचं उपकरण म्हटलं आहे, आणि मला ते पटतं. काळ त्यात आहेच. मात्र तो मुलाच्या वाढीचा काळ आहे, प्रयोगशाळेतल्या गरम पाण्याच्या भांड्यातला नव्हे.

म्हणून माझं पहिलं सांगणं. ‘या रोपणाने शरीरात जाऊन काय करायला हवं’ हे एका वाक्यात लिही, आणि त्या वाक्यात पदार्थाचं नाव येऊ देऊ नकोस. मग स्वतःला विचार, हे काम न हलणाऱ्या वस्तूने होईल का? होत असेल तर हलणारी वस्तू करू नकोस. न हलणाऱ्या छापील वस्तूही मोठं काम करतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये एफडीएने फेफऱ्यावरच्या लेव्हेटिरासिटॅमची छापलेली गोळी मंजूर केली, थ्री-डी प्रिंटिंगने बनलेलं ते पहिलं मंजूर औषध. पावडर दाबून घट्ट न करता थर थर द्रवाने जोडलेली असल्यामुळे ती सच्छिद्र आहे आणि घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरते. गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी एवढंच हवं होतं. कानात घालायच्या श्रवणयंत्रांची कवचंही गेली कित्येक वर्षं माणसागणिक मोजून छापली जातात. त्यावर कोणी भाषण देत नाही, पण लाखो लोकांना ती नीट बसतात.

हालचाल हवीच असेल अशाही जागा आहेत. अरुंद वाटेने आत न्यायचं आणि आत गेल्यावर मोठं व्हायचं, ही गरज खरी आहे. नितिनॉलचे स्टेंट त्यावरच चालतात. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना आत गाठ मारणं किती जिकिरीचं असतं, ते कुठल्याही सर्जनला विचार. २००२ मध्ये आंद्रेयास लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी ‘सायन्स’मध्ये मांडलेला स्वतःच आवळला जाणारा विरघळता धागा याच अडचणीतून सुचला होता. तुझी गरज अशा प्रकारची असेल, तर पुढे दोन आकडे लगेच काढ. एक, किती जोर हवा. आकार-स्मृती पॉलिमर परत येताना सहसा काही मेगापास्कल एवढाच ताण देऊ शकतं, नितिनॉल शेकडो. अरुंद झालेली रक्तवाहिनी ढकलून उघडायची असेल, तर मऊ पॉलिमर कितीही सुंदर उलगडलं तरी तिथे उपयोगाचं नाही. दोन, किती वेळ. हायड्रोजेलमध्ये पाणी मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. मूग चटकन भिजतात आणि काबुली चण्याला रात्र लागते, त्यातला हा हिशेब. सर्जनच्या हातात दोन मिनिटं आहेत की दोन तास, हे आधी विचारून घे, मग जाडी ठरव.

दुसरं सांगणं माझ्या टेबलावरच्या विषयाचं, म्हणजे तापमानाचं. प्रबंधांमध्ये मी नेहमी वाचते, ‘शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, वस्तू उलगडते.’ वाचायला छान. पण वस्तू पेशंटपर्यंत पोचेपर्यंत कायकाय सोसते, त्याची यादी कर. तुझ्या प्रयोगशाळेत एसी आहे. गोदामात असेलच असं नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहूनही वर. ३७ वर उलगडणारी वस्तू तिथे डब्यातच उलगडून बसेल आणि ऑपरेशनच्या टेबलावर निरुपयोगी होऊन पोचेल. बरं, बदलाचं तापमान ४५ वर नेलंस, तर शरीरात ते कोण देणार? गरम सलाईन सोडून? किती अंशांचं, किती वेळ, आजूबाजूच्या पेशींना ते सोसेल का? थिएटर थंडगार असतं, सिस्टरच्या हातमोज्यातला हात ऊबदार असतो, पेशंटला ताप असला तर शरीर ३९ ला असतं. या प्रत्येक ठिकाणी वस्तू काय करील, याचा एक तक्ता तुझ्या प्रबंधात असला, तर परीक्षक कोणीही असो, पुढचं पान तो लक्ष देऊन वाचेल.

त्याच तक्त्यात निर्जंतुकीकरणाची ओळ ठळक काढ. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चांगल्या कल्पना इथे येऊन थांबल्या. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ असते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० च्या आसपास वितळतं, पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, त्याच सुमारास मऊ पडतं. म्हणजे ऑटोक्लेव्ह बाद. इथिलीन ऑक्साइड वायूचं चक्र त्यामानाने कमी तापमानाला चालतं, साधारण ३७ ते ६३ अंश. पण तुझी वस्तू नेमकी त्याच पट्ट्यात जागी होणारी, आणि त्या चक्रात मुद्दाम ओलावाही दिलेला असतो, म्हणजे हायड्रोजेललाही आमंत्रण. शिवाय वायूचा अंश वस्तूत उरत नाही ना, हे दाखवावं लागतं. उरला गॅमा किरणांचा मार्ग. २५ किलोग्रे ही नेहमीची मात्रा. तिने विरघळणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, आणि तीन वर्षं टिकायला हवं ते त्याआधीच ठिसूळ होऊ शकतं. यावर उपाय आहेत. बदलाचं तापमान हलवता येतं, वस्तू साच्यात जखडून निर्जंतुक करता येते, मात्रा कमी ठेवून ती पुरेशी आहे हे सिद्ध करता येतं. पण ते सगळं पदार्थ निवडताना करायचं असतं, प्रबंध बांधायला टाकताना नाही. चाचणीचे सगळे तुकडे निर्जंतुक करून मगच तपास. न केलेल्या तुकड्यावरचे आकडे मला कोणी दाखवले, तर मी ते दुसऱ्याच वस्तूचे आकडे समजायचे.

तिसरं सांगणं छपाईबद्दल. बाटलीतला किंवा रिळातला पदार्थ आणि छापून निघालेला पदार्थ एकच आहे, असं धरून चालू नकोस. नितिनॉलचं उदाहरण घे. त्यात निकेलचं प्रमाण अणूंच्या हिशेबात ०.१ टक्का इकडेतिकडे झालं, तर आकार बदलण्याचं तापमान दहाएक अंशांनी सरकू शकतं. आता लेसरने पावडर वितळवताना निकेल टायटॅनियमपेक्षा सहज वाफ होऊन उडतं. लेसरची शक्ती वाढव, वेग कमी कर, थोडं जास्त निकेल जाईल, आणि शरीरात उलगडायला हवी असलेली वस्तू आळशासारखी पडून राहील. म्हणजे तुझ्या यंत्रावरचं एक बटण मिश्रधातूची जात बदलतं. फिलामेंटच्या प्रिंटरवर वेगळा प्रकार. नोझल तार ओढत नेतं, साखळ्या त्या दिशेने ताणल्या जातात, तशाच गोठतात. गरम केल्यावर पीएलए त्या रेषांच्या दिशेने आखडतं. काही गट याच ताणाचा उपयोग करून वस्तू वळवतात, आणि काहींच्या वस्तू याच ताणामुळे नको तिथे वळतात. नोझलचं तापमान, वेग, थराची जाडी, खोलीतली हवा, सगळं वहीत लिहून ठेव. छापताना दर खेपेला वस्तूच्या शेजारी त्याच थरांतून एक साधी पट्टीही छापून घे. तिची चाचणी करून मोड, वस्तू शाबूत राहते.

रेझिनच्या प्रिंटरचा मोह मला समजतो. वस्तू गुळगुळीत निघते, बारकावे सुरेख येतात. पण घट्ट न झालेला मोनोमर आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारं रसायन आत उरतं आणि हळूहळू पाझरतं. ते पेशींना मारक ठरू शकतं. बाटलीवर ‘बायोकम्पॅटिबल’ लिहिलेलं असतं ते एका ठरावीक धुण्याच्या आणि प्रकाशात पक्कं करण्याच्या पद्धतीपुरतं. तू त्यात आपली पावडर मिसळलीस, धुण्याची वेळ बदललीस, की ते लेबल तुझ्या वस्तूचं राहिलं नाही. आयएसओ १०९९३ ही प्रमाणमालिका आत्तापासून चाळत जा. त्यात तयार वस्तू किती काळ आणि शरीराच्या कुठल्या भागाला टेकणार, यावर चाचण्या ठरतात.

चौथी गोष्ट काळाची. विरघळणारं रोपण म्हटलं की सगळे त्याच्या शेवटाबद्दल बोलतात, मधल्या वर्षांबद्दल कोणी बोलत नाही. ॲबट कंपनीचा ‘ॲबसॉर्ब’ हा विरघळणारा हृदयाचा स्टेंट आठव. छापलेला नव्हता तो, पण आपल्या विषयाचा सख्खा नातेवाईक. पॉलिलॅक्टिक ॲसिडचा, धातूची जाळी मागे न ठेवणारा. जुलै २०१६ मध्ये एफडीएने मंजूर केला तेव्हा मोठं स्वागत झालं. पॉलिमर धातूपेक्षा कमजोर, म्हणून त्याच्या काड्या जाड ठेवाव्या लागल्या होत्या, सुमारे १५० मायक्रॉन. पुढच्या वर्षांच्या पाहणीत धातूच्या स्टेंटच्या तुलनेत गुठळ्या आणि हृदयविकाराचे झटके जास्त दिसले, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. कल्पना मूर्खपणाची होती असं मुळीच नाही. पण वस्तू नाहीशी होईपर्यंत ती प्रत्येक महिन्यात काय असते, किती बळकट, किती ठिसूळ, तिचे तुकडे कुठे जातात, याची उत्तरं शेवटच्या उत्तराइतकीच मोलाची ठरली. तू प्रबंधात तीन वर्षं थांबू शकणार नाहीस, हे मान्य. मग ३७ अंशांच्या बफरमध्ये तुकडे ठेवून दर महिन्याला वजन, ताकद आणि रेणूभार मोज, आणि जेवढं मोजलंस तेवढ्यावरच दावा कर. हृदयाजवळची वस्तू असेल तर आणखी एक आकडा लक्षात ठेव. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं. स्टेंटची परीक्षा दहा वर्षांच्या हिशेबाने घेतात, म्हणजे जवळपास ४० कोटी हेलकावे. थरांच्या मधली एक बारीकशी पोकळी एवढ्या फेऱ्यांत तडा व्हायला पुरेशी असते.

हे वाचून घाबरू नकोस. आपल्याकडे हे सगळं करून दाखवलेली माणसं आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची कृत्रिम झडप केली. आधीची तीन मॉडेल बाद झाली, चौथं टिकलं, आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या पेशंटला बसलं. तिथे स्मार्ट म्हणावं असं काही नव्हतं. कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट, पॉलिथिलीनची चकती आणि पॉलिएस्टरची शिवायची कडी. दर अपयशानंतर पदार्थ बदलायची तयारी होती, आणि संस्थेने त्या अपयशांना वेळ दिला. तुझ्या तीन वस्तू मोडल्या तर त्याला प्रगती समज, मात्र कशा मोडल्या त्याचे फोटो ठेव.

नियमांचं थोडक्यात. ते पीएच.डी. झाल्यावर वाचायचे असतात असा समज आपल्या कॉलेजांत आहे, तो सोडून दे. भारतात ‘मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७’ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत, आणि शरीरात राहणारं रोपण बहुधा सी किंवा डीमध्ये जातं. माणसांवर अभ्यास करायचा तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची आणि एथिक्स कमिटीची परवानगी लागते. छापील उपकरणांबद्दल एफडीएने डिसेंबर २०१७ मध्ये काढलेलं मार्गदर्शन आपल्यालाही उपयोगी आहे: फाईलचं रूपांतर, यंत्राच्या सेटिंग, उरलेल्या पावडरीचा पुन्हा वापर, जाळीदार भागातली पावडर निघाली की नाही, हे सगळं त्यात आहे. ते नियमांचा कागद म्हणून वाचू नकोस; आपल्या आधी कोण कुठे अडखळलं त्याची ती यादी आहे. कारखान्यात आयएसओ १३४८५ या गुणवत्ता-व्यवस्थेच्या प्रमाणाचं ऑडिट आलं की आम्ही एकच प्रश्न विचारत असू: हे तू का ठरवलंस आणि कधी? प्रयोगाच्या वहीत त्याच दिवशी कारणासह लिहिलेली एक ओळ असली की उत्तर तयार.

आता माणसं. मुंबईत आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी २०१४ मध्ये ‘बेटिक’ केंद्र उभं केलं ते महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने, आणि पुढे पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्यात जोडलं गेलं. डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एका टेबलाशी बसवायचं, ही त्या केंद्राची रीत. तसं टेबल तुझ्या गावात नसेल तर तू मांड. जवळच्या सरकारी रुग्णालयात परवानगी घेऊन ऑपरेशन थिएटरबाहेर (ओटी) दोनचार सकाळी काढ. सर्जनशी बोलण्याआधी ओटी सिस्टरशी बोल. पाकीट एका हाताने फाडता येतं का, वस्तू कुठली बाजू वर करून द्यायची हे अंधुक प्रकाशात कळतं का, खाली पडली तर दुसरी आहे का, हे तिला माहीत असतं आणि ते कुठल्याही जर्नलमध्ये नसतं. वस्तूची किंमत किती झालेली पेशंटच्या घरच्यांना झेपेल, तेही तिलाच विचार.

शेवटचं सांगणं सगळ्यात अवघड. या क्षेत्रात प्रत्येकाजवळ एक व्हिडिओ असतो: कोमट पाण्याचं भांडं, त्यात छापलेली कळी, आणि ती हळूच उमलते. तूही करशील, आणि बघताना तुला आनंद होईल, तो जरूर घे. पण प्रबंधात त्या एका कळीऐवजी दहा कळ्यांचा आलेख दे. वेगवेगळ्या दिवशी छापलेल्या, निर्जंतुक केलेल्या, काही आठवडे ठेवून दिलेल्या. किती उमलल्या, किती अंशांवर, किती सेकंदांत, आणि ज्या उमलल्या नाहीत त्या का नाहीत. पेशंटला मिळणारी वस्तू व्हिडिओतली कधीच नसते; ती त्या दहांपैकी कुठलीही असू शकते. तुझ्या दहांतली सर्वांत वाईट कळीसुद्धा चालेल अशी असली, तर तुझ्याकडे एक उपकरण आहे. तशी नसेल तर तुझ्याकडे अजून फक्त एक चांगला प्रश्न आहे, आणि एम.टेक.ला तोही पुरतो. मात्र प्रबंधात तसं स्पष्ट लिहायचं.

तेव्हा पुढच्या पत्रात मला प्रिंटरचं नाव नको. एक पान पाठव. वरती पेशंट कोण आणि काय अडचण, त्याखाली वस्तूने काय करायला हवं, मग लागणारा जोर आणि वेळ, मग डब्यापासून शरीरापर्यंतच्या तापमानांचा तक्ता, निर्जंतुकीकरणाची निवडलेली पद्धत, आणि किती काळ टिकायचं. खालच्या कोपऱ्यात पदार्थासाठी एक ओळ रिकामी ठेव. पान नीट भरलंस तर ती ओळ जवळपास आपोआप भरेल, आणि प्रिंटर कुठला हे तुला मला विचारावं लागणार नाही. लाल पेन घेऊन मी तयारच आहे.

वहिनीला आणि दादाला माझा नमस्कार सांग. रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये बसतेस असं दादा म्हणत होता. रेझिनच्या खोलीत पंखा चालू ठेव आणि हातमोजे घाल, एवढं मात्र आत्या म्हणून सांगते.

तुझी,
आत्या

ता. क. एक लिहायचं राहिलं. नुसतं पॉलिमर एक्स-रेवर दिसत नाही. आत बसवलेली वस्तू जागेवर आहे की सरकली, हे सर्जन उद्या कसं बघणार? बेरियम सल्फेटसारखं काही मिसळलंस तर दिसेल, पण मग छपाईही बदलेल आणि बदलाचं तापमानही थोडं सरकू शकेल. त्या पानावर एक ओळ याचीही वाढव.